परत जाऊन विचारणारी माणसे

१/ पनवेल, उरण आणि अलिबागच्या शेतकऱ्यांच्या इतिहासात १९५७ हे वर्ष तीन कारणांनी महत्त्वाचे आहे. १ एप्रिलला मुंबई राज्यात कूळ कायद्याचा ‘कृषक दिन’ उजाडला आणि जमीन कसणारे कूळ त्या दिवसापासून तिचे खरेदीदार मानले गेले. त्याच वर्षी जासईचे वकील दि. बा. पाटील पनवेलमधून प्रथमच विधानसभेवर निवडून गेले. तिसरी घटना पुण्यातली आहे. तिची आठवण मात्र क्वचितच निघते.

२/ त्या वर्षी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने वि. म. दांडेकर आणि गो. जे. खुदानपूर यांचा एक अहवाल प्रसिद्ध केला. विषय होता १९४८ च्या मुंबई कूळ कायद्याची अंमलबजावणी. कायद्याने कुळाला संरक्षण दिले होते. ते त्याच्या बांधापर्यंत पोहोचले का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. धोरण-संशोधन संस्था कशासाठी असते, याचे उत्तर या एका प्रश्नात सापडते.

३/ तो कायदा सहजासहजी आलेला नव्हता. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोत-सावकारांची जमीन कसण्यास नकार दिला. पिकाचा मोठा वाटा मालकाच्या कणगीत जात होता आणि जमिनीवर कुळाचा कसलाही हक्क नव्हता. संप १९३९ पर्यंत चालला. शेते ओस पडली, संपकऱ्यांनी उपासमार सोसली, पण माघार घेतली नाही.

४/ डॉ. बाबासाहेब आंबेडकर या संपाच्या पाठीशी उभे राहिले आणि सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे जानेवारी १९३९ मध्ये हेच आंबेडकर पुण्यात गोखले संस्थेच्या काळे स्मृती व्याख्यानासाठी आले आणि संघराज्य व स्वातंत्र्य या विषयावर बोलले. संपाचे रान आणि संशोधनाचे सभागृह यांच्यातले अंतर तेव्हा आजच्याइतके वाढलेले नव्हते.

५/ ही संस्था उभी राहिली ती साताऱ्याचे वकील रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून. ६ जून १९३० रोजी स्थापना झाली आणि विश्वस्त म्हणून जबाबदारी भारत सेवक समाजाने घेतली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. केंब्रिजला त्यांनी भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवर प्रबंध लिहिला होता; वय तिशीच्या आत. १९६६ पर्यंत त्यांनी संस्था चालवली. अभिमत विद्यापीठाचा दर्जा तिला फार नंतर, १९९३ साली मिळाला.

६/ गाडगीळांनी संशोधनाला पायी चालायला शिकवले. पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी करताना संस्थेचे अन्वेषक घरोघरी गेले. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या पाण्याने कोणाचे काय पालटले, याची पाहणी गावांत जाऊन झाली. तिचा अहवाल १९४८ साली आला. पुढे प्रवरेच्याच काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभारला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद गाडगीळांकडे होते. ज्या गावांचा अभ्यास केला, त्यांच्याशी नाते अहवालाच्या शेवटच्या पानावर संपले नाही.

७/ दांडेकर-खुदानपूर यांचे काम याच परंपरेतले होते. कायद्याच्या पुस्तकात कूळ सुरक्षित होते. गावात मात्र कुळे बदलली जात होती, मालक जमिनी परत घेत होते आणि कुळे ‘स्वखुशीने’ जमीन सोडत असल्याच्या नोंदी होत होत्या. ही स्वखुशी कितपत खरी, हा प्रश्न त्या अहवालाने अभ्यासकांसमोर ठेवला. कचेरीतल्या कागदावरून तो पडला नसता. त्यासाठी कुळाच्या ओसरीवर बसावे लागले.

८/ कुमुदिनी दांडेकर यांचे नावही इथेच घ्यायला हवे. लोकसंख्याशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी ग्रामीण समूहांतील जन्म-मृत्यूंचा अभ्यास केला. रोजगार हमी योजनेचा विचार मजुरी आणि कामाचे दिवस यांच्या भाषेत चालू असताना, या कामावर येणाऱ्या स्त्रियांसाठी योजनेचा अर्थ काय, हे त्यांनी तपासले. १९८३ सालचे त्यांचे पुस्तक याच विषयावर आहे.

९/ काळे, गाडगीळ, दांडेकर ही नावे निदान ग्रंथालयात तरी भेटतात. उन्हातान्हात पाहणीचे तक्ते घेऊन फिरलेले अन्वेषक, त्यांना वाट दाखवणारा गावातला शिक्षक आणि आपल्या कर्जाचा आकडा परक्यासमोर सांगणारी बाई मात्र कोणत्याही मुखपृष्ठावर नाहीत. संस्थेचा इतिहास संचालकांच्या तसबिरींतून सांगितला की तिचा अर्धा पाया अदृश्य होतो.

१०/ आता पुन्हा पनवेलकडे. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नव्या मुंबईची कल्पना मांडली. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावे नव्या शहराच्या आराखड्यात आली. कृषक दिनाला तेव्हा जेमतेम तेरा वर्षे झाली होती. जमिनीचे संपादन १८९४ च्या कायद्याने व्हायचे होते. भरपाईचा पाया होता अधिसूचनेच्या दिवशीचा बाजारभाव. शहर उभे राहिल्यावर वाढणाऱ्या किमतीत मूळ मालकाला वाटा नव्हता. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, त्या मजुराचे आणि खाडीत मासेमारी करणाऱ्याचे नुकसान त्या हिशेबात बसत नव्हते.

११/ शेतकऱ्यांनी हा हिशेब अखेर रस्त्यावर मांडला. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातील जासई परिसरात पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच जणांचे प्राण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण त्यानंतरच्या वर्षांत आकाराला आले. घराच्या ओसरीवर विचारता आला असता असा प्रश्न पाच जीव गेल्यावर ऐकला गेला.

१२/ यावर एक आक्षेप रास्त आहे. अहवालाने सत्ता नमते का? १९५७ चा अहवाल येण्यापूर्वीच कायद्यात दुरुस्ती झाली होती, आणि दुरुस्तीमागचे बळ संशोधकांइतकेच चरीसारख्या लढ्यांचे होते. हे मान्यच करावे लागेल. तरीही लढा विसरला जातो, साक्षीदार काळाआड जातात, तेव्हा सरकारला नाकारता येत नाही अशी नोंद उरते ती पाहणीची. संप हक्क मिळवतो. तो हक्क खरोखर हाती पडला का, हे सांगायला परत जाऊन विचारणारा माणूस लागतो.

१३/ हा केवळ गतकाळाचा प्रश्न नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने संपादनापूर्वी सामाजिक परिणामांचे मूल्यमापन बंधनकारक केले. महाराष्ट्राने २०१८ साली दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना त्यातून सूट देण्याची वाट ठेवली. पनवेल तालुक्यातील अनेक गावे आज विमानतळ प्रभावित क्षेत्र, म्हणजे ‘नैना’च्या नियोजनाखाली आहेत. तिथल्या नगररचना योजनांत मालकाकडे जमिनीचा सुमारे ४० टक्के भाग विकसित भूखंडाच्या रूपात उरतो. ही रीत जुन्या संपादनापेक्षा न्याय्य आहे की नाही, याचे उत्तर घोषणांतून मिळणार नाही आणि निषेधाच्या फलकांतूनही नाही. ते मोजावे लागेल.

१४/ मोजणार कोण? पनवेल-उरणच्या महाविद्यालयांत या ९५ गावांतली नातवंडे-पतवंडे शिकत आहेत. आजोबांचा सातबारा, वडिलांना मिळालेला भूखंड, तो विकून आलेला पैसा आणि त्यानंतरची नोकरी किंवा बेकारी, हे सारे त्यांच्या घरातच आहे. विद्यापीठाने त्यांना पद्धत शिकवावी आणि घरोघरी पाठवावे. तीन पिढ्यांचा हिशेब मांडणारी पाहणी त्यांच्या हातून व्हावी, आणि अहवालाच्या पहिल्या पानावर प्राध्यापकांच्या आधी त्या मुलामुलींची नावे छापली जावीत.