पिक्चरमधला इजिप्त इतका पिवळा का?

मुलगी सहावीत आहे. गेल्या आठवड्यात शाळेनं प्रोजेक्ट दिला, 'जगातील प्राचीन संस्कृती'. तिनं इजिप्त घेतलं. चार्टपेपरवर मागे तीन पिरॅमिड, पुढे उंटावर बसलेली क्लिओपात्रा, बाजूला चाबूकवाला मुकादम आणि दगड ओढणारे गुलाम. सगळं चित्र पिवळं. पिवळा रंग संपला तेव्हा वरून सोनेरी टिकल्या चिकटवल्या.

मी म्हटलं, "अगं, पिरॅमिड बांधले तेव्हा ही बाई जन्मालासुद्धा आली नव्हती. मध्ये जवळजवळ अडीच हजार वर्षं आहेत. ती त्या पिरॅमिडपेक्षा आपल्या काळाला जवळची."

ती म्हणाली, "पण बाबा, पिक्चरमध्ये असंच असतं."

प्रोजेक्टला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. तक्रार नाही, कारण मीही तेच पिक्चर बघून मोठा झालोय. पण तिचं ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

सुरुवात सगळ्यांना माहीत असलेल्या पिक्चरपासून करू. १९६३ चा 'क्लिओपात्रा', एलिझाबेथ टेलरचा. खर्च सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर. ट्वेंटीएथ सेंच्युरी फॉक्ससारखी कंपनी बुडायला आली होती. इंग्लंडमध्ये उभारलेले सेट सोडून दिले आणि रोमला सगळं पुन्हा उभं केलं. एकट्या टेलरचे ६५ पोशाख. कलादिग्दर्शन आणि वेशभूषा, दोन्हींची ऑस्कर मिळाली. डोळे दिपतात, यात वाद नाही. मी चार वेळा पाहिलाय.

पण नीट बघा. क्लिओपात्रा रोममध्ये प्रवेश करते तो जंगी प्रसंग आठवतोय? तिथली कमान सरळसरळ सम्राट कॉन्स्टंटाइनच्या कमानीवरून घेतलीय. ती खरी कमान उभी राहिली क्लिओपात्रा गेल्यावर साडेतीनशे वर्षांनी. आणि तिचं ते निळं पापणीकाम, घट्ट कंबर, खोल गळा? ते इजिप्तचं कमी आणि १९६० च्या फॅशनचं जास्त. १९३४ मध्ये सेसिल बी. डमिलनं क्लोडेट कोल्बर्टला घेऊन हाच विषय केला, तेव्हा राणीचे गाऊन अगदी तीसच्या दशकातल्या पार्टीत शोभतील असे होते. म्हणजे प्रत्येक पिढीची क्लिओपात्रा स्वतःच्या काळातल्या शिंप्याचे कपडे घालते.

खरी क्लिओपात्रा मॅसिडोनियन ग्रीक घराण्यातली. तिच्या नाण्यांवर केस मागे ओढून अंबाडा घातलेला दिसतो, डोक्याला ग्रीक राजांची पट्टी. कपाळावर सरळ कापलेली काळी झुलपं तिथे नाहीत. देंडेराच्या देवळाच्या भिंतीवर मात्र ती पक्क्या इजिप्शियन देवतेच्या वेशात आहे. म्हणजे कुणासमोर काय घालायचं हे त्या बाईला बरोबर कळत होतं. राजकारण होतं ते! आणि पिक्चरवाल्यांनी त्यातून काय उचललं, तर फक्त मादकपणा.

आता सेटकडे या. पिक्चरमधला राजवाडा म्हणजे अवाढव्य दगडी खांब, सगळे वाळूच्या रंगाचे, कोरे. खरी गोष्ट अशी की इजिप्तमध्ये दगड लागायचा देवळांना आणि थडग्यांना. राहायची घरं, अगदी राजाचा वाडासुद्धा, कच्च्या मातीच्या विटांचा. तिसऱ्या आमेनहोतेपचा मल्काता इथला वाडा विटांचाच होता, वर गिलावा आणि त्यावर रंगीत चित्रं. जमिनीवरसुद्धा चित्रं. आणि देवळं? ती तर लाल, निळी, हिरवी, पिवळी, नुसती झगमगत असायची. इस्नाच्या देवळात अलीकडच्या काही वर्षांत काजळी आणि मळ काढायचं काम झालं. त्याखालून निघालेलं छत बघा एकदा, फोटो सहज मिळतील. आपण कोरा दगड म्हणजे प्राचीन असं समजतो, पण तो फक्त रंग उडालेला दगड आहे. पिक्चरवाले आजचं भग्नावशेष बघून कालचं नांदतं घर बांधतात.

कपड्यांचंही तेच. सोनं, सोनं आणि सोनं. खरं वस्त्र होतं लिननचं, म्हणजे आपल्या जवसाच्या झाडाच्या सालीतून काढलेल्या धाग्याचं. बहुतेक पांढरं, कधी बारीक चुण्या घातलेलं. लंडनच्या पेट्री संग्रहालयात तारखान इथे मिळालेला एक अंगरखा आहे, पाच हजार वर्षांहून जुना. बाहीला, कोपराशी, वापरून पडलेल्या सुरकुत्या अजून दिसतात. कुणीतरी तो खरंच अंगात घालत होतं! तुरीनच्या संग्रहालयात खा नावाच्या अधिकाऱ्याचे कपडे आहेत. तो राजांच्या थडग्यांच्या बांधकामावर देखरेख करायचा. त्याच्या लंगोटांवर त्याच्या नावाची खूण आहे, धुवायला दिलेले कपडे अदलाबदल होऊ नयेत म्हणून असावी. त्या कारागिरांच्या गावाला, देर अल-मदिना त्याचं नाव, सरकारकडून परीट मिळायचे. कुणाचे किती कपडे धुवायला दिले याची टिपणं खापरांवर लिहिलेली सापडलीत.

हे मी का सांगतोय? कारण माझ्या मुलीच्या चित्रात त्या लोकांना जागा फक्त चाबकाखाली आहे.

गिझाच्या पिरॅमिडजवळ १९९० मध्ये कामगारांची थडगी मिळाली. राजाच्या पिरॅमिडच्या सावलीत, मानानं पुरलेली. काहींची मोडलेली हाडं नीट जुळून आलेली आहेत, म्हणजे कुणीतरी औषधपाणी केलं होतं. जवळच भाकरीच्या भट्ट्या मिळाल्या. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी, वादी अल-जार्फला, मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी सापडली. त्याची टोळी तुरा इथून चुनखडीचे दगड होडीनं गिझाला आणायची. कष्ट भयंकर असणार आणि सक्तीही असेल, ते मी नाकारत नाही. पण त्या माणसांना नाव होतं, हुद्दा होता, टोळीचा अभिमान होता. पिक्चरमध्ये त्यांना मिळते फक्त मळकी लंगोटी. राजाला वेशभूषाकार आणि कामगाराला धूळ.

आता ज्या माणसासाठी मुळात ही पोस्ट लिहायला घेतली त्याच्याकडे येतो. शादी अब्देल सलाम. इजिप्तचा, शिक्षणानं आर्किटेक्ट. टेलरच्या त्या 'क्लिओपात्रा'च्या कामात त्याचा हातभार होता. नंतर पोलंडच्या कावालेरोविचनं १९६६ मध्ये 'फेरो' केला, त्याच्या वेशभूषा आणि नेपथ्यासाठी यालाच बोलावलं. तो जरूर बघा. गर्दीचा, घामाचा, उन्हाचा इजिप्त आहे तिथे, सोनं बेतानं.

म्हणजे स्वतःच्या देशाचा भूतकाळ दुसऱ्यांच्या सेटवर उभा करून देणारा माणूस. १९६९ मध्ये त्यानं स्वतःचा सिनेमा केला, 'अल-मुमिया'. गोष्ट खऱ्या घटनेवरची. १८८१ मध्ये देर अल-बहारीजवळ राजांच्या ममींचा साठा उघड झाला. एक कुटुंब गुपचूप त्यातल्या वस्तू विकून जगत होतं. सिनेमात बाप मेल्यावर पोराला कळतं की आपलं घर कशावर चालतं. सोनं दिसतं ते चोरीचा माल म्हणून. बाकी काळे झगे, वारा, पहाटेचा राखाडी उजेड आणि ते प्रचंड पुतळे, ज्यांच्यासमोर माणूस मुंगीएवढा. भूतकाळ कुणाचा, आणि तो विकायचा हक्क कुणाला, एवढाच प्रश्न.

त्यानंतर त्याला अखेनातेनवर सिनेमा करायचा होता. वर्षानुवर्षं तो त्याची रेखाटनं करत राहिला, एकेक मुकुट, एकेक खुर्ची, एकेक वस्त्र. पैसा उभा राहिला नाही. १९८६ मध्ये तो गेला. ती चित्रं आज अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात मांडलेली आहेत. खोट्या कमानीला पैसे मिळाले, खऱ्या वस्त्राला मिळाले नाहीत. माझं दुखणं हे आहे.

कुणी म्हणेल, सिनेमा आहे, डॉक्युमेंटरी नाही. मान्य. मलाही पुस्तकी सिनेमा नको. २०१४ मध्ये 'एक्झोडस' वर इजिप्तनं बंदी घातली, तेही मला पटत नाही. बंदीनं चूक दुरुस्त होत नाही, उलट पिक्चरची जाहिरात होते. माझं म्हणणं एवढंच की अभ्यास केला म्हणून सिनेमा नीरस होत नाही. आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैयांनी 'गांधी'साठी जॉन मोलोंबरोबर ऑस्कर मिळवलं ते जरीच्या जोरावर नाही. त्यात खादी होती, साध्या माणसांचे साधे कपडे होते. कापूस असो की जवस, साधं कापड पडद्यावर बोलतं. बोलू द्यावं लागतं.

आणि सेट, कपडे याला 'वरवरचं' म्हणू नका. संवाद आपण विसरतो, रंग लक्षात राहतात. माझ्या पोरीनं एकही संवाद लिहिला नव्हता, पण चाबूक बरोबर काढला होता.

काल तिला तारखानच्या अंगरख्याचा फोटो दाखवला. बराच वेळ कोपराकडची सुरकुती बघत होती. मग नवीन कागद घेतला. थोड्या वेळानं विचारायला आली, "बाबा, पांढऱ्या कागदावर पांढरे कपडे कसे काढू?"

म्हटलं, "आधी मागची भिंत रंगव. लाल, निळी, हिरवी, जी हवी ती."

तुमच्या लहानपणीचा इजिप्त कुठल्या पिक्चरमधून आला होता? खाली लिहा, वाचतोय.