संगीतकाराचें घर : देऊळ कीं दिवाणखाना ?

थोर संगीतकार ज्या घरांत राहिला, त्याच घरांत बसून त्याचें संगीत ऐकावें, हा यूरोपांत रूढ झालेला प्रघात पुष्कळ सुशिक्षितांस भाबडेपणाचा वाटतो. ते विचारतात, "भिंतींना का सूर चिकटलेले असतात ? उत्तम सभागृहें आहेत, घरबसल्या उत्तम ध्वनिमुद्रणें ऐकावयास मिळतात. मग कोणा मृताच्या दिवाणखान्यांत दाटीवाटीनें बसण्यांत मूर्तिपूजेपलीकडे काय आहे?" प्रश्न चतुर आहे, पण त्याचा नेम चुकला आहे.

लाइपझिग येथील मेंडेल्सझोनचें घर उदाहरणादाखल घेऊं. १८४५ सालीं फेलिक्स मेंडेल्सझोन तेथें सहकुटुंब राहावयास आला, आणि ४ नोव्हेंबर १८४७ रोजीं, अवघ्या ३८ वर्षांचा असतां, तेथेंच वारला. बरोबर दीडशें वर्षांनीं, ४ नोव्हेंबर १९९७ रोजीं, तें घर संग्रहालय म्हणून उघडण्यांत आलें. त्याचीं पत्रें, स्वरलिपीचे कागद, त्यानें स्वहस्तें रंगविलेलीं चित्रें तेथें पाहावयास मिळतात. पण ह्या घराचें खरें वैभव काचेच्या कपाटांत नाहीं. रविवारीं सकाळीं दिवाणखान्यांत खुर्च्या मांडल्या जातात आणि वादन सुरू होतें, तें त्याचें वैभव होय.

आक्षेपकांशीं एका बाबतींत आमचें एकमत आहे. काचेपुढें हात जोडून उभा राहणारा मनुष्य संगीत ऐकत नाहीं. जें घर थोर पुरुषाची लेखणी आणि खुर्ची एवढेंच दाखवितें, तें घर नव्हे, समाधि होय. परंतु ह्या दोषावर उपाय घर बंद करणें हा नसून त्यांत वादन करणें हा आहे.

'चेंबर म्यूझिक' हें नांवच मुळीं खोलीवरून पडलें आहे. दोन व्हायोलिनें, एक व्हायोला आणि एक चेलो ह्यांचें क्वार्टेट म्हणजे चौघांचें संभाषण. तेथें हातवारे करून चालविणारा निर्देशक नसतो. एकाचा श्वास दुसऱ्यास ऐकूं यावा लागतो. लाइपझिगच्या सध्यांच्या गेवांटहाउसचें मोठें सभागृह १९८१ सालचें असून तेथें सुमारें १९०० श्रोते बसतात. वाद्यवृंदास तें शोभतें. पण चार वाद्यांचा संवाद शेवटच्या रांगेपर्यंत पोंचतो तो दूरच्या दिव्यासारखा : दिसतो, पण ऊब देत नाहीं. गजाची खरखर, दोन स्वरांमधील स्तब्धता हीं खोलींतच कळतात. बैठकींत तंबोऱ्याजवळ बसून गाणें ऐकलेल्या मराठी रसिकास हें निराळें पटवावयास नकोच.

१४ मे १८४७ रोजीं मेंडेल्सझोनची बहीण फॅनी अकस्मात् वारली. त्याच वर्षीं त्या शोकांत त्यानें एफ मायनर क्वार्टेट, ओपस ८०, रचलें. कोणी आपलें दुःख दोन हजारांच्या सभेस सांगत नाहीं. जवळच्या चार माणसांस सांगतो. ही रचना त्यानें त्या घरांत नव्हे, तर मुख्यतः स्वित्झर्लंडांत केली, हें आम्ही मुद्दाम नमूद करितों. कारण आमचा मुद्दा भिंतींच्या पावित्र्याचा नाहींच. तो मापाचा आहे. खुद्द फॅनी बर्लिनला आपल्या घरीं रविवारच्या मैफली भरवीत असे. स्त्रीस जाहीर व्यासपीठ दुर्लभ असतांना तिच्या रचनांस श्रोते मिळाले ते दिवाणखान्यांत. तें घर आज राहिलेलें नाहीं. पण ती रीत लाइपझिगांत चालू आहे.

"ही मूठभरांची चैन !" असा शेवटचा बाण सोडला जातो. हा आक्षेप मात्र खरोखर विचारार्ह आहे. परंतु खोली लहान म्हणून संगीत मोठ्या मंडपांत नेलें, तर अधिक लोकांस तें मिळत नाहीं. अधिक लोकांस दुसरेंच कांहीं मिळतें. उपाय एकच : मैफली वाढवाव्या, दर परवडणारे ठेवावे आणि अशा खोल्याही वाढवाव्या.

ज्यांना चौकांतील पुतळा हेंच खरें स्मारक वाटतें, त्यांनीं १९३६ साल आठवावें. मेंडेल्सझोन ज्यू कुळांत जन्मलेला, म्हणून त्या वर्षीं नोव्हेंबरांत नाझींनीं गेवांटहाउसपुढील त्याचा पुतळा रातोरात हलविला. महापौर कार्ल गोर्डेलर ह्यांनीं त्यावरून आपलें पद सोडलें. तरीही पुतळा परत आला नाहीं. त्याची प्रतिकृति उभी राहावयास २००८ साल उजाडावें लागलें. मेंडेल्सझोनचें घर त्या काळींही उभेंच होतें. परंतु नुसत्या विटा कोणाचें रक्षण करीत नाहींत. संगीत वांचतें तें वाजविल्यानें आणि तें ऐकावयास कोणी जवळ येऊन बसल्यानें.

म्हणून कलावंताच्या दारावर दगडी पाटी बसविली कीं ऋण फिटलें, असें मानणाऱ्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे : पाटी खुशाल बसवा; पण आधीं दार उघडा, आणि आंत सतरंजी अंथरा.