मुलांच्या हाती पहिला गळ

वार्षिक परीक्षा संपली की आमच्या भोईवाड्यातली मुले अब्बांच्या मागे लागतात : या सुटीत गावी खाडीवर गळ टाकायला न्या. भोई म्हणजे पालखी वाहणारे आणि नदी-तळ्यांत मासे धरणारे लोक. त्यांच्या नावाच्या वस्तीत मुलांना मासा आता फक्त बाजारातल्या टोपलीत दिसतो. म्हणून हा हट्ट आम्हाला गैर वाटत नाही. पहिल्यांदाच गळ घेऊन निघणाऱ्या घरांना मात्र थोडे सांगावेसे वाटते.

आधी दीनची गोष्ट. पाण्यातली शिकार हलाल असल्याचे सूरह माइदाच्या 96व्या आयतीत स्पष्ट आहे. एहराममध्ये जमिनीवरची शिकार मना, पाण्यातली नाही. माशाला जबह करावे लागत नाही. खेकड्याबाबत हनफी आणि शाफई मतांत फरक आहे, माशाबाबत नाही. पण त्याच आयतीत ही मोकळीक खाण्यासाठी दिली आहे. फोटो काढून मासा काठावर तडफडत सोडणे ही शिकार नव्हे, नासाडी आहे.

आता माशाची गोष्ट. रायगडच्या खाड्यांत गळवाल्यांची सगळी धडपड जिताड्यासाठी. हा शिकारी मासा. कोळंबी आणि लहान मासे यांवर जगतो, म्हणून आमिषाला जिवंत कोळंबी लावतात. त्याची एक नवलाई मुलांना जरूर सांगावी. जिताडा वयात येतो तो नर म्हणून. काही वर्षांनी, पुरेसा वाढल्यावर, तोच मादी होतो. म्हणजे जो सर्वांत मोठा जिताडा धरल्याची बढाई गावभर होते, ती बहुधा आई असते. पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी तीच लाखो अंडी घालणार असते.

लहान मासे वाचावेत म्हणून राज्य सरकारने 2023 मध्ये 54 जातींचे किमान आकारमान ठरवले. पापलेटचे 135 मिलिमीटर. मोठ्या मादीला जपणे मात्र गळ धरणाऱ्याच्याच हाती आहे. म्हणून घरच्या कालवणापुरता मध्यम मासा ठेवावा. अगदी लहान आणि फार मोठा, दोन्ही परत सोडावेत. सोडताना हात ओले करावेत, गळ पाण्यातच काढावा, कल्ल्याला धरून मासा उचलू नये. जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी कापते आणि शिंगाळ्याचा काटा फार ठणकतो; म्हणून पहिले काही मासे वडीलधाऱ्यांनीच सोडवावेत.

निघताना भरती-ओहोटीच्या वेळा लिहून घ्याव्यात, शेजारी असर-मगरिबच्याही. बिस्मिल्लाह म्हणून गळ टाकावा. आणि मोठा मासा परत पाण्यात जाताना मुलाचा चेहरा पडला, तर त्याला रागावू नये. आपण काय सोडले आणि का सोडले, हे तिथेच काठावर बसून सांगावे. हातात आलेले सोडून देणे मोठ्यांनाही जड जाते. मुलाला ते पहिल्याच दिवशी शिकता येईल.