एकाच वर्गात, पण...

परवा आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी निघताना घुटमळल्या. "ताई, पोरीला शाळेतनं प्रोजेक्ट दिलंय. शेतीच्या अवजारांची कॉम्प्युटरची चित्रं लावायची म्हणे. आमच्याकडं कुठनं येणार?" त्यांची मुलगी आरटीईतून माझ्या लेकीच्याच वर्गात, दुसरीत आहे. लेकीचं प्रोजेक्ट? खरं सांगते, निम्मं मीच केलं होतं!

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा वंचित, दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखल्या. २०२४च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलले. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला सूट! जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. दार उघडं राहिलं खरं, पण आत गेल्यावर काय?

अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ ॲनेट लॅरो यांनी घराघरांत जाऊन मुलांचं वाढणं पाहिलं. २००३मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं. माया कष्टकरी घरांतही कमी नव्हती. पण सुखवस्तू आईबाप शिक्षकांना बिनदिक्कत जाब विचारत, कष्टकरी मात्र शाळेत गेले की दबून राहत. आपली पालकसभाच की! मी तिथे दहा प्रश्न विचारते. मावशी मागे पदर सावरून गप्प बसतात, वर कामाचा खाडा होतो तो वेगळाच.

शनिवारी दोघी पोरींना ओसरीवर बसवलं. चित्रं हातानेच काढायची. मावशींनी औत, पाभर, कुळव सगळं समजावलं. माझ्या लेकीला पाभर ठाऊकच नव्हती! बाईंनी मात्र मावशींच्या मुलीच्या वहीत शेरा मारला, 'प्रिंट लावणे.' पुढच्या पालकसभेत याबद्दल विचारायचंय. मावशींनीच विचारावं म्हणून मी त्यांच्या मागे लागलेय. "बघू," म्हणतात.