माइनमुळा, प्रथिने आणि आपला ‘प्रभाव’

द्रव्याचा गुण सांगणे आणि तो गुण शरीरात नेमका कोठे प्रकटतो हे दाखविणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत वैद्यवर्ग पारंगत आहे. दुसरीकडे आपण बहुधा पाठ फिरवितो. रस, वीर्य, विपाकाने कर्म उलगडले नाही की ‘प्रभाव’ हा शब्द उच्चारून चर्चा मिटविली जाते. ही सवय सोडावयास हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

उदाहरण दूरचे नाही. लोणच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या माइनमुळ्याच्या मुळांतून मुंबईत मुलुंड येथील हेक्स्ट संशोधन केंद्राने फॉरस्कोलिन हे द्रव्य वेगळे केले व १९७७ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेस त्याच वनस्पतीत मिळालेले ‘कोलिओनॉल’ पुढे तेच ठरले. रक्तदाब उतरतो, हृदयाचे आकुंचन बलवान होते, एवढे दिसले होते. पण का?

१९८१ मध्ये अमेरिकेत सीमन, पॅजेट व डेली यांनी दाखविले की, फॉरस्कोलिन ॲडिनिलिल सायक्लेज या प्रथिनास थेट उत्तेजित करते व पेशीत सायक्लिक एएमपी वाढते. संप्रेरकाचा निरोप पेशीच्या आत पोहोचविणारा हा रेणू. त्यासंबंधीच्या कार्याबद्दल सदरलँड यांना १९७१ चे नोबेल मिळाले होते.

परंतु उत्तेजन दिसले म्हणजे प्रथिन हाती आले असे नव्हे. पेशीतील असंख्य प्रथिनांत ते अत्यल्प असते. जर्मनीत फॉयफर व मेट्झगर यांनी १९८२ मध्ये फॉरस्कोलिनलाच गळ केले. ते बारीक मण्यांस जोडून नलिकेत भरले व त्यावरून पेशीपटलांचा विरघळविलेला अर्क सोडला. बाकीची प्रथिने वाहून गेली, आसक्त प्रथिन अडकले. नंतर मुक्त फॉरस्कोलिन ओतून ते सोडवून घेतले. याच मार्गाने शुद्ध प्रथिन मिळाले, त्याच्या जनुकाचा शोध लागला आणि १९९७ मध्ये फॉरस्कोलिन त्याच्या कोणत्या खोबणीत बसते हेही स्फटिकचित्रात दिसले.

येथे एक सावधगिरी शिकण्यासारखी आहे. गळाला लागलेले प्रत्येक प्रथिन हे औषधाचे खरे लक्ष्य नसते. फॉरस्कोलिन पेशीत ग्लुकोज नेणाऱ्या प्रथिनासही चिकटते. डायडिऑक्सी-फॉरस्कोलिन हा त्याचा भाऊबंद सायक्लेजला उत्तेजित करीत नाही, तरी ग्लुकोजची वाहतूक अडवितो. अशी तुलना केल्यावाचून ‘हे कर्म याच प्रथिनामुळे’ असे म्हणणे धाडसाचे ठरते.

आपल्या ऋषींना सायक्लिक एएमपी ठाऊक होते, असा दावा मी करणार नाही. कोणी करूही नये. माइनमुळा शास्त्रोक्त पाषाणभेद आहे की नाही, यावरही एकवाक्यता नाही. ‘पाषाणभेद’ या एका नावाखाली प्रांतोप्रांती निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. ज्याची ओळखच संदिग्ध, त्याचे लक्ष्य शोधून काय साधणार? शिवाय एका रेणूचा निष्कर्ष संपूर्ण क्वाथास लागू पडेलच असे नाही.

हा विषय प्रयोगशाळेपुरता नाही. चांदीपसारख्या वसई तालुक्यातील गावातही रुग्ण एका हाती रक्तदाबाच्या गोळ्या व दुसऱ्या हाती वजन घटविणारी ‘वनौषधी’ कॅप्सूल घेऊन येऊ शकतो. त्या कॅप्सूलमध्ये फॉरस्कोलिन असेल तर रक्तदाब अधिक उतरू शकतो. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास रक्तस्रावाचा धोकाही वाढू शकतो, कारण सायक्लिक एएमपी वाढले की रक्तबिंबिका एकत्र येण्यास अडथळा होतो. वजन घटण्याचा पुरावा मात्र तोकडाच आहे. हे रुग्णास आपण नाही सांगणार तर कोण सांगणार?

म्हणून वैद्यबंधु-भगिनींना तीन विनंत्या. वापरलेल्या वनस्पतीचा नमुना जपून ठेवावा. रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची नोंद करावी. आणि संशोधनाचा दावा समोर आला की विचारावे: कोणते प्रथिन, किती मात्रेत, कशाशी तुलना करून? ‘प्रभाव’ हा विचाराचा शेवट नव्हे, आरंभ मानला तरच आपले शास्त्र वाढेल.