पूर घरी, मस्टर दुकानात

हवामानाच्या आपत्तीत भरपगारी रजा मिळणार की नाही, हे आपत्ती कुठे आली यावर ठरते: कामाच्या जागी की कामगाराच्या घरी. मुंबईतल्या 26 जुलै 2005 च्या पावसात सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम 73. दुसऱ्या दिवशी दक्षिण मुंबईत, फणसवाडीतल्या दुकानाचे शटर वर करायला पावसाची आडकाठी नव्हती. नोकर कुर्ल्याचा किंवा कल्याणचा असेल, तर तो घरातला गाळ उपसत होता.

कायदा फाटकाशी पोहोचलेल्याचा विचार करतो. ‘ले-ऑफ’च्या व्याख्येत नैसर्गिक आपत्ती आहे आणि भरपाई मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी. पण ती कारखाने, खाणी व मळ्यांपुरती, तीही किमान 50 कामगार असतील तर. शिवाय रोज ठरल्या वेळी हजर झाले पाहिजे. लोकलच बंद असेल तर हजर कसे व्हायचे? 1947 च्या औद्योगिक विवाद अधिनियमातली ही चौकट 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम राहिली.

दुकानांना लागू होतो तो गुमास्ता कायदा. 2017 च्या अधिनियमाने वर्षाला आठ नैमित्तिक रजा (सीएल) दिल्या, आपत्तीसाठी वेगळी एकही नाही. दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांना त्या रजाही बंधनकारक केल्या नाहीत. त्यामुळे पुराचा दिवस मस्टरवर सीएल म्हणून चढतो, सीएल संपली असेल तर खाडा म्हणून. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला मात्र वाहतूक कोलमडल्यास विशेष नैमित्तिक रजा देता येते.

19 ऑगस्ट 2025 रोजी मुंबईत सरकारी कार्यालयांना सुट्टी जाहीर झाली, खासगी आस्थापनांना घरून काम देण्याची सूचना. काउंटरवर कापड मोजून देणाऱ्याने घरून काय मोजायचे?

व्हॅलेन्सियाच्या पुरानंतर स्पेनने नोव्हेंबर 2024 मध्ये चार दिवसांपर्यंत भरपगारी रजा कायद्यात आणली. प्रशासनाने प्रवास टाळण्यास सांगितले, की ती लागू होते. कसोटी प्रवासाची, दुकानातल्या पाण्याची नव्हे. इथल्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांना आणि कामगार सल्लागारांना कायदा बदलण्याची वाट पाहायचे कारण नाही. कायद्याहून अधिक देण्यास मालकाला कोणी अडवत नाही. नेमणूकपत्रात आपत्ती रजेचे कलम घालावे, ते कामगाराच्या राहत्या पत्त्याला आणि रेल्वेमार्गाला जोडावे, ती रजा नैमित्तिक रजेतून वळती करू नये. पाणी ओसरल्यावर पंचनाम्यासाठी घरी थांबावे लागते. तो दिवसही त्याच कलमात धरावा. पुरावा म्हणून महापालिकेची किंवा रेल्वेची जाहीर सूचना पुरे.