मर्यादेत आहे म्हणे!

औद्योगिक असो की दवाखान्यांची, कचऱ्याच्या भट्टीशेजारी राहणाऱ्या माणसाने तोंड उघडलं की ठरलेलं उत्तर तोंडावर फेकलं जातं: उत्सर्जन मर्यादेत आहे. गोवंडीकरांना हे पाठ असेल. मुंबईच्या रुग्णालयांचा कचरा 2009पासून त्यांच्या उशाशी, देवनारला जळत आला.

मर्यादा कडक आहे, नाही कशाला म्हणू? कचरा जळताना तयार होणारं विषारी डायऑक्सिन घनमीटरमागे 0.1 नॅनोग्रॅम. पण मोजायचं कधी? 2016चे जैववैद्यकीय कचरा नियम सांगतात, वर्षातून एकदा. नमुना काही तासांचा, तोही भट्टी नीट रंगात आलेली असताना. वर्षाचे तास 8760. बाकीचे गोवंडीकरांच्या फुप्फुसांनी मोजायचे!

आणि डायऑक्सिन बोकाळतं ते नेमकं भट्टी कुरकुरते तेव्हा. पेटवताना, विझवताना, ओला कचरा कोंबून भट्टीच्या दुसऱ्या कक्षाचं तापमान 1050 अंशांखाली घसरतं तेव्हा, त्यात क्लोरीनवालं प्लास्टिक असेल तर आणखीच. शिवाय धूर निवताना, 450 ते 200 अंशांच्या दरम्यान, ते नव्याने तयार होतं. बेल्जियममध्ये एका भट्टीवर सहा तासांऐवजी सलग दोन आठवडे नमुना घेतला, तर आकडा 30 ते 50 पट निघाला. हे 1998 साली छापून आलंय. आमच्याकडे अजून वार्षिक दर्शनच चालू आहे.

आता आरोग्य-जोखमीचे अहवाल. वाऱ्याचे आलेख, नकाशावर रंगीत वर्तुळं, शेवटच्या पानावर ‘जोखीम नगण्य’. हिशेब बहुधा श्वासाचा. अहो, डायऑक्सिन नव्वद टक्क्यांहून अधिक अन्नातून अंगात जातं! गवतावर बसतं, दुधात उतरतं, अंड्यात साठतं, शरीरात सात ते अकरा वर्षांनी निम्मं होतं. त्यात हिशेब एकाच चिमणीचा. शेजारी 1927पासूनचं डम्पिंग ग्राउंड धुमसतंय, त्याचा धूर कुणाच्या खात्यात? फुप्फुसाचा सातबारा काही चिमणीवार निघत नाही.

2023 मध्ये उच्च न्यायालयाने देवनारची भट्टी दोन वर्षांत खालापूर तालुक्यात हलवायला सांगितलं. गोवंडी सुटली तर छान. पण मोजणी तीच राहणार असेल तर फक्त पत्ता बदलला. चिमणीत वर्षभर नमुना गोळा करणारं यंत्र बसवा, ते जगात मिळतं. आणि नवी भट्टी पेटण्याआधी तिथली अंडी, दूध, माती तपासून आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. नाहीतर उद्या तिथलं कुणी तक्रार घेऊन गेलं, की साहेब म्हणतील, हे विष तर इथं आधीपासूनच होतं.